तो शर्ट धुवू नका

‘ताई, सप्रेम जयभीम. मी २७ वर्षांची आहे, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. यंदा जयंतीच्या मिरवणुकीत आमच्या गल्लीच्या वळणावर बाचाबाची झाली आणि दगड आले. माझ्या धाकट्या भावाच्या भुवईवर एक बसला, सहा टाके पडले. दगड कोणी मारला ते आम्हाला ठाऊक आहे. तीन गल्ल्या सोडून राहतो, दहावीपर्यंत भावाच्याच वर्गात होता. त्याच्या आईचं किराणा दुकान आहे. फिर्यादीत मात्र ‘अनोळखी इसम’ असं आलंय. भावानं तो रक्ताचा शर्ट खोलीत खिळ्याला टांगून ठेवलाय, आईला धुवू देत नाही. त्याच्या मित्रांनी मोबाइलवर ग्रुप काढलाय, नाव ‘हिशोब’. मी रविवारी विहारात जाते, इगतपुरीचं एक विपश्यना शिबिर केलंय. भंतेजी म्हणाले, त्या मुलावर मैत्रीभावना कर, म्हणजे डोळे मिटून बस आणि मनापासून त्याचं भलं चिंत. बसले. दोन मिनिटांत त्याचा चेहरा आला आणि माझ्या मुठी वळल्या. भाऊ म्हणतो, तुमच्या या डोळे मिटण्यानंच आपण पिढ्यान्‌पिढ्या मार खातो. ताई, ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’, म्हणजे सगळे प्राणी सुखी होवोत, असं म्हणताना त्यालाही सुखी हो म्हणायचं का? भावाच्या जिवासाठी मी काहीही सोसायला तयार आहे, पण हे ढोंग वाटतं. मैत्री म्हणजे मार खाऊन गप्प बसणं का?’

(नाव-गाव गाळलं आहे. पत्र लांब होतं, आटोपतं घेतलं आहे.)

जयभीम. वयानं माझ्या मुलीएवढी आहेस, ‘तू’ म्हटलं तर चालेल ना?

आधी त्या मुठींचं बोलू. भंतेजींचा हेतू चांगलाच असणार, पण त्यांनी तुला जिन्याची शेवटची पायरी पहिल्यांदा दाखवली. मैत्रीभावनेला क्रम आहे, आणि तो सल्ला देणाऱ्या कुठल्या ताईनं काढलेला नाही. पाचव्या शतकात अनुराधपूरला बसून बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा ध्यानसाधनेचा पाली ग्रंथ लिहिला, त्यात तो स्पष्ट दिलाय. सुरुवात स्वतःपासून. मग ज्याच्याविषयी आदर आहे तो. मग जिवलग. मग ज्याच्याशी ना माया ना भांडण, असा मध्यस्थ. वैरी सगळ्यात शेवटी. वैऱ्यापासून सुरुवात केलीत तर रागच उसळेल, असं त्यांनी बजावून ठेवलंय. दीड हजार वर्षांपूर्वी त्यांना तुझ्या मुठी दिसल्या होत्या म्हण ना! आणि वैऱ्यापाशी पोचल्यावर राग आलाच तर मागे फिरायचं, आधीच्या माणसांवर मन पुन्हा स्थिरावू द्यायचं, मग परत यायचं. तेही जमेना तर त्यांनी एकामागून एक उपाय सांगितलेत. त्यातला एक दृष्टान्त मला फार आवडतो, कारण तो मुळीच सोवळा नाही. रागावलेला माणूस म्हणजे दुसऱ्याला मारायला हातात पेटता निखारा नाहीतर विष्ठा उचलणारा माणूस. आधी त्याचाच हात भाजतो, आधी त्यालाच घाण लागते.

तुझी ही गत माझीही झालीय. जमिनीच्या वाटणीवरून आमच्या घरात रण पेटलं होतं, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात थेट जाऊबाईंवर मैत्री करायला बसले. अर्ध्या तासानं उठले तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीसुद्धा मला डिवचायला वाजवल्यासारखी वाटत होती. तेव्हा ढोंगाचा विचार सोडून दे. क्रम चुकला, एवढंच झालंय.

तर महिनाभर त्या मुलाला तुझ्या बैठकीत बोलावूच नकोस. रोज दहा मिनिटं पुरेत. आधी स्वतः, हे टाळू नकोस, का ते पुढे सांगते. मग विहारातलं एखादं म्हातारं माणूस. मग भाऊ. मग मध्यस्थ म्हणून तुझ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर घे, ज्याचं नाव तुला ठाऊक नाही पण ज्याची शिट्टी तू डोळे मिटून ओळखशील. त्याच्या घरी कोण आजारी असेल, त्याचे पाय किती दुखत असतील, एवढ्यावर मन टेकवायचं. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त शिकवतो तो हा कंडक्टरच. कारण नसताना कुणाचं तरी बरं चिंतायची सवय त्याच्यावर लागते, आणि वैऱ्यापाशी जाताना हीच सवय कामाला येते.

आता ‘सुखी हो’ म्हणायचं का? तुझ्या विहारातलं लहान वाक्य जरा बाजूला ठेव, मोठं घे. ‘सब्बे सत्ता अवेरा होन्तु, अब्यापज्जा होन्तु, अनीघा होन्तु, सुखी अत्तानं परिहरन्तु.’ यात पहिला शब्द आहे ‘अवेरा’. वैर नसलेले होवोत. सुख मागाहून येतं. त्या मुलाविषयी तू मागतेस ते हे, की त्याच्या मनातलं वैर जावो, त्याचा हात पुन्हा दगडाकडे न जावो. तो मोकाट सुटो, त्याला कुणी विचारू नये, असं यात कुठंही नाही. आपल्याकडे मैत्री आणि माफी यांची फार सरमिसळ झालीय, आणि ती सरमिसळ मार देणाऱ्यांच्या सोयीची आहे, हे तुझा भाऊ बरोबर ओळखतो.

त्याचा प्रश्न मला तुझ्या प्रश्नाइतकाच खरा वाटतो. त्याला सुत्त ऐकवू नकोस, महाड सांग. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर गावात हूल उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव मंडपावर चालून आला. लोक जेवत होते, अन्न मातीत गेलं, गावाला परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारलं. बाबासाहेब सरकारी बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांत लष्करात नोकरी केलेलेही होते आणि ते एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. जखमींची व्यवस्था लागली, दंगेखोरांवर खटले झाले, त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा महाडला आले आणि मनुस्मृती जाळली. तळ्याचा दावा त्यांनी दहा वर्षं चालवला, १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकला. याला कुणी गप्प बसणं म्हणेल का? बाबासाहेब तेव्हा बौद्ध नव्हते, दीक्षाभूमीला अजून २९ वर्षं होती, म्हणून महाडला मैत्रीभावनेचं लेबल मी चिकटवणार नाही. पण त्या बंगल्यातली ती संध्याकाळ तुझ्या भावाला कळली तर ‘हिशोब’ या शब्दाचा अर्थ त्याला वेगळा लागेल.

आणि पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारणच बदलून टाकलं. म्हातारा, आजारी, प्रेत ही गोष्ट त्यांना पटणारी नव्हती. त्यांनी रोहिणी नदी पुढे आणली. शाक्य आणि कोलिय, दोघांची शेती त्याच पाण्यावर. मारामारी झाली, दोन्हीकडचे जखमी झाले, शाक्यांच्या सेनापतीनं युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थ उभा राहून म्हणाला, आधी कळू तर द्या आगळीक कोणाची. आपल्यातले दोघं निवडा, त्यांच्यातले दोघं निवडू देत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी निवाडा करावा. त्याची सूचना हरली. बहुमत युद्धाच्या बाजूनं होतं. मग त्यानं शस्त्र धरायला नकार दिला आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं. बघ, करुणेचं पहिलं काम इथं किती रुक्ष आहे! चौकशी समिती.

तुझा भाऊ वाचणारा असेल तर याच ग्रंथातलं दुसरं पान काढून दाखवील, म्हणून आधीच सांगते. अहिंसा हा नियम नाही, तत्त्व आहे, असं तिथं म्हटलंय. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद केलाय. खुशाल दाखवू दे. त्याला एवढंच विचार की टाके पडून इतके दिवस झाल्यावर, पोलीस ठाणं गावात असताना, रात्री अकरा वाजता मोबाइलवर जे शिजतंय ते यातल्या कुठल्या खणात बसतं.

आता तू विचारशील, ही झाली सहा टाक्यांची गोष्ट; जिथं खरंच रक्ताचे पाट वाहिले तिथं मैत्रीचं काय झालं? म्हणून तुला कंबोडियात नेते. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी फ्नॉम पेन्ह घेतली. जानेवारी १९७९ पर्यंत सतरा लाखांच्या आसपास माणसं गोळीनं, उपासमारीनं, रोगानं गेली. भिक्खूंची चीवरं उतरवली, विहारांची गोदामं आणि तुरुंग झाले. महा घोसानंद नावाचे भिक्खू त्या काळात थायलंडच्या एका अरण्यविहारात होते. आपल्या नालंदेला शिकलेले. त्यांचं अख्खं कुटुंब या कत्तलीत संपलं. सीमेवर सा केओची निर्वासित छावणी उभी राहिली तेव्हा ते तिथं गेले आणि बांबूचा एक विहार उभारला. त्या छावणीत मार खाल्लेले होते तसे मारणारेही होते, ख्मेर रूजचे लोक अजून तिथं दरारा राखून होते. जो विहारात जाईल त्याला पाहून घेऊ, अशी धमकी आली. तरी हजारो लोक आले. घोसानंद समोर बसले आणि धम्मपदातली एक गाथा आधी पालीत, मग ख्मेर भाषेत म्हणू लागले. ‘न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं, अवेरेन च सम्मन्ति, एस धम्मो सनन्तनो.’ वैरानं वैर शमत नाही. पुन्हा तीच, पुन्हा तीच. लोक त्यांच्यामागून म्हणायला लागले, आणि रडायला.

मला या प्रसंगात गाथेपेक्षा रडणं महत्त्वाचं वाटतं. चार वर्षांत या माणसांना कोणी मोठ्यानं रडू दिलं नव्हतं. घोसानंदांनी कुणाला ‘माफ करा’ असा हुकूम सोडला नाही. त्यांनी जागा करून दिली. तुमच्या घरात भावाला कोणी अजून रडू दिलंय का? तुझ्या पत्रात सगळे जण त्याला काहीतरी सांगतायत. आई शर्ट धुवायला मागते, मित्र हिशोब मागतात, तू मैत्री मागतेस. त्याच्या भुवईवर औषध कोण लावतं, ते काही तू लिहिलं नाहीस.

१९९२ साली घोसानंदांनी थायलंडच्या सीमेपासून फ्नॉम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. युद्ध पूर्ण थांबलं नव्हतं, रस्त्याकडेला सुरुंग पेरलेले. भिक्खू, साध्वी, परतणारे निर्वासित एका रांगेत चालत होते. गावोगावी लोक पाण्याची भांडी आणि पेटत्या उदबत्त्या घेऊन उभे राहायचे. यात्रेकरू उदबत्ती पाण्यात विझवायचे, तेच पाणी लोकांवर शिंपडायचे. वाटेत कित्येकांना हरवलेले नातेवाईक भेटले. १९९४ च्या यात्रेत मात्र ते गोळीबाराच्या मधोमध सापडले. एक भिक्खू आणि एक साध्वी मारले गेले. पुढल्या वर्षी यात्रा पुन्हा निघाली. मैत्री चिलखत नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. आणि मैत्रीमुळे न्यायालयाची गरजही संपत नाही. याच देशात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं विशेष न्यायालय बसलं, तुओल स्लेंग तुरुंगाच्या प्रमुखाला २०१० साली शिक्षा झाली, आणि २०१८ साली उरलेल्या दोन म्हाताऱ्या नेत्यांना वंशसंहाराबद्दल दोषी धरलं.

अजून एक कडू गोष्ट सांगते, नाहीतर हा सल्ला गुळगुळीत होईल. हीच गाथा १९५१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, मंत्री जे. आर. जयवर्धने यांनी म्हटली, जपानकडून नुकसानभरपाई नको म्हणाले, जगानं वाहवा केली. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांची घरं-दुकानं जळाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच होते. म्यानमारात २००७ साली भिक्खू करणीय मेत्त सुत्त, म्हणजे मैत्रीचं सुत्त, म्हणत लष्करशाहीविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि दहाच वर्षांत त्याच देशातून सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात पळावं लागलं, तेव्हा द्वेष पेटवणाऱ्यांत चीवरधारीही होते. गाथा तोंडपाठ असली म्हणून हात स्वच्छ राहतात असं नाही. तुझ्या वळलेल्या मुठी तुला दिसल्या, हे मला त्या भाषणापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

त्या २००७ च्या आंदोलनातली एक कृती मात्र तू जवळ ठेव. भिक्खूंनी भिक्षापात्रं उपडी केली. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, त्याला पत्तनिक्कुज्जन म्हणतात: ज्यानं संघाचं अहित केलं त्याच्या हातून दान घ्यायचं नाही. आपल्याला वाटतं, भीक नाकारली तर नुकसान मागणाऱ्याचं. तिथं उलट आहे. दान दिलं की पुण्य मिळतं, म्हणून उपडं पात्र म्हणजे सेनापतीला सांगणं की तुझ्या पुण्याचा रस्ता आम्ही बंद केलाय. ना शिवी, ना दगड. मुखी मेत्त सुत्त, हातात उपडं पात्र, दोन्ही एकाच वेळी. तू म्हणतेस ते ‘गप्प बसणं’ यात कुठं बसवशील?

तुझ्या गावातलं उपडं पात्र कुठलं, ते सांगते. येत्या काही दिवसांत कोणीतरी चांगला माणूस घरी येईल. चहा घेईल आणि म्हणेल, पोरंपोरं होती, मिटवून टाका, उद्या एकाच गावात राहायचंय. तुम्ही बुद्धाचे, तुम्हाला शांती शोभते, असंही म्हणेल. चहा द्यायचा. सही द्यायची नाही.

आणि आता तुझं वाक्य: ‘भावाच्या जिवासाठी मी काहीही सोसायला तयार आहे.’ विसुद्धिमग्गातच याच्यावर एक प्रसंग आहे. तू, तुझा जिवलग, एक मध्यस्थ आणि तुझा वैरी, असे चौघं बसलाय. दरोडेखोर येऊन म्हणतात, बळी द्यायला एक माणूस द्या. ‘ह्याला न्या’ म्हणालीस तर मैत्रीच्या आड अजून भिंत आहे. इथपर्यंत सोपं आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ म्हणालीस तरीही भिंत आहेच, असं बुद्धघोष म्हणतात. का, तर तिघांचं हित पाहिलंस, चौथीचं नाही. चौघांपैकी देण्याजोगं कोणीच दिसत नाही, तेव्हा भिंत पडली. आपल्या घरातल्या मुलींना हा उतारा शाळेत शिकवायला हवा होता. म्हणून म्हटलं, बैठकीत सुरुवात स्वतःपासून.

कामाचं बोलते. ‘अनोळखी इसम’ हे काही दगडावर कोरलेलं नाही. भावाला घेऊन ठाण्यात जा आणि पुरवणी जबाब द्या: नाव, कुठं उभा होता, उजेड कशाचा होता, आणखी कोणी पाहिलं. जबाब घ्यायला नकार दिला तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागतं का, ते वकिलाला विचार. तालुका विधी सेवा समितीकडून तुला वकील फुकट मिळतो, बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही. ते कलम लागलं तर तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा असतो. बौद्ध झालात म्हणून तो कायदा तुम्हाला नाही, असं कोणी ऐकवलं तर ऐकून घेऊ नकोस. १९९० पासून अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा कायम आहे, जातीचा दाखला जवळ ठेव. दवाखान्यातून जखमेचं प्रमाणपत्र घे. मिरवणुकीचा व्हिडिओ ज्याच्या मोबाइलवर आहे त्याच्याचकडे मूळ राहू द्या, इकडून तिकडे फिरवू नका.

किराणा दुकानाचं तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते उगाच आलेलं नाही. पूर्वी तिथून मीठ आणत असशील तर आण. पैसे द्यायचे, मीठ घ्यायचं, घरी यायचं. त्या बाईनं दगड मारलेला नाही. जड वाटलं तर दुसऱ्या दुकानातून आण, त्यात मैत्री काही भंगत नाही. तिच्याशी बोलणं वगैरे आता नको, खटल्याच्या दृष्टीनंही नको.

राहिला शर्ट. आई म्हणते धुवायचा, भाऊ म्हणतो धुवायचा नाही. या बाबतीत मी भावाच्या बाजूची आहे, फक्त माझं कारण वेगळं आहे. तो पुरावा आहे. खिळ्यावरून काढून कागदी पिशवीत घाला, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट होऊन बुरशी धरते. पुरवणी जबाबाला जाल तेव्हा भावानं तो स्वतःच्या हातानं द्यावा, दोन पंचांसमोर जप्तीचा पंचनामा करून घ्यावा आणि त्याची नक्कल मागावी. शक्यतो उद्याच जा. आणि आईला आज रात्रीच नीट समजावून सांग, नाहीतर मायेपोटी ती पहाटे उठून बादलीत भिजवायची.